तालुक्याच्या गावी चांगला बार आणि थंडी बिअर: कुठं शोधायची, कशी ओळखायची

विदर्भातल्या तालुक्याच्या गावी बिअरचा प्रश्न ब्रँडचा नसतोच. वरुड असो, पवनी असो की उमरखेड, फ्रीजमध्ये दिसणारी नावं जवळपास तीच: किंगफिशर, ट्युबोर्ग, बडवायझर, हायवर्ड्स ५०००. पण तीच बाटली एका बारमध्ये तरतरीत लागते आणि दोनशे पावलांवरच्या दुसऱ्या बारमध्ये ओल्या पुठ्ठ्यासारखी. कारखान्यातून निघाल्यानंतर तिचं काय झालं, त्यावर हे सगळं ठरतं. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ च्या वर जातो. पत्र्याच्या गोदामात दोन महिने पडलेली पेटी तेवढ्या काळात चांगलीच म्हातारी होते.

म्हणून बार शोधताना दोनच गोष्टी धरून चाला. तिथला माल लवकर संपतो का? आणि तिथला फ्रीज दिवसभर चालतो का? एसी, रंगीत लाईट, जाड मेनूकार्ड यांचा विचार त्यानंतर करा.

आधी जिल्हा आणि तारीख पाहा

वर्धा आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे दारूबंदीचे आहेत. वर्ध्यातली बंदी गांधीजींच्या वास्तव्यामुळं आलेली, फार जुनी. गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे. चंद्रपुरात २०१५ ला बंदी आली आणि २०२१ ला उठली, त्यामुळं तिथं आता परवान्याची दुकानं आणि बार चालू आहेत. बंदीच्या जिल्ह्यात मुक्काम असेल तर बिअरचा विषय सोडून द्या. तिथं चोरून मिळणारा माल महाग तर असतोच, शिवाय तो कुठं आणि किती दिवस उन्हात लपवून ठेवला होता हे कळायला मार्ग नसतो. वर्धा नदीच्या किंवा वैनगंगेच्या पलीकडून बाटल्या घेऊन बंदीच्या जिल्ह्यात यायचा विचारही करू नका. नाक्यावर गाडीसकट पकडतात.

दुसऱ्या राज्यातल्या मालाचंही तसंच. परतवाडा, वरुड, तुमसर मध्य प्रदेशाला लागून, देवरी छत्तीसगडाला आणि पांढरकवडा, राजुरा तेलंगणाला. पलीकडून आणलेली बाटली परवान्याशिवाय इकडं बाळगणं गुन्हा आहे. आपल्याकडच्या बाटलीवर महाराष्ट्रात विक्रीसाठी असल्याचं छापलेलं असतं. सीमेवरच्या गावात लेबलावरची ती ओळ एकदा वाचून घ्या.

ड्राय डे विसरू नका. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर तर ठरलेलेच. निवडणुकीत मतदान संपण्याआधीचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवसही बंद असतो. गणेश विसर्जनासारख्या दिवशी जिल्हाधिकारी स्थानिक आदेश काढतात, आणि शेजारच्या जिल्ह्यात तो लागू असेलच असं नाही. उलट काही दिवस असे, की सगळं उघडं असतं पण थंडी बाटली मिळत नाही. पोळ्याची कर, धुळवड, ३१ डिसेंबर. या दिवशी दुपारी दोनपर्यंत थंडा माल संपतो आणि त्यानंतर काउंटरवरून निघते ती नुसती गार पाणी लागलेली बाटली. कापूस विकून हातात पैसा आलेल्या दिवसांतला आठवडी बाजारही जवळपास असाच. त्या दिवशी बाजार भरायच्या आधी, नाहीतर उठल्यावर तासाभरानं जा.

पाटी वाचा

गावात ढोबळमानानं चार प्रकारची दुकानं दिसतील. परमिट रूम म्हणजे एफएल-३ परवान्याचा बार. तिथं बसून बिअरही पिता येते, व्हिस्कीही. बिअर शॉपी म्हणजे एफएल/बीआर-२. तिथं बिअर आणि वाईनची सीलबंद बाटली मिळते, पण दुकानात किंवा दुकानासमोर उभं राहून प्यायला परवानगी नाही. वाईन शॉपमध्ये सगळंच सीलबंद मिळतं. चौथं देशी दारूचं दुकान. ते सीएल-३, त्याचा इथं संबंध नाही.

भावाचा फरक नीट समजून घ्या. शॉपीत छापील किमतीच्या वर एक रुपयाही घेता येत नाही. ‘कूलिंग’चे म्हणून पाच-दहा रुपये मागितले तर ते बेकायदेशीर आहे. पक्कं बिल मागा. बहुतेक वेळा बिलाचं नाव काढलं की ते पाच रुपये आपोआप गळून पडतात. तरी ऐकलं नाही तर तक्रार वैधमापन किंवा राज्य उत्पादन शुल्क विभागाकडं जाते. परमिट रूमचं वेगळं असतं. तिथं बसण्याचे, सेवेचे पैसे धरून भाव लावलेला असतो आणि त्यावर व्हॅट लागतो. म्हणून बसतानाच विचारा: “बिअर कितीची, टॅक्स धरून का टॅक्स सोडून?” बिल आल्यावर वाद घालून काही हाती लागत नाही.

हायवेवरचे बार २०१७ पासून बरेच आत सरकले. सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रीय आणि राज्य महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला बंदी घातली, वीस हजारांपर्यंत लोकसंख्येच्या ठिकाणी ते अंतर २२० मीटर केलं आणि नंतर नगरपालिका हद्दीतल्या दुकानांना त्यातून मोकळीक दिली. म्हणून बार शोधायचा तर नगरपरिषदेच्या हद्दीत शोधा: बसस्टँडच्या मागची गल्ली, जुनी टॉकीज, कृषी उत्पन्न बाजार समितीचा रस्ता. हायवेवरच्या ढाब्यावर ‘मागच्या बाजूला बसा’ म्हणून बिअर मिळत असेल तर तिथं परवाना नाही असंच समजा. ती बिअर पाण्याच्या टाकीत किंवा बोऱ्याखाली ठेवलेली असते, आणि धाड पडली तर मालकाबरोबर पिणाऱ्यावरही दारूबंदी कायद्याच्या कलम ८४ खाली गुन्हा लागतो.

बिअरसाठी राज्यात वय २१ पूर्ण लागतं, व्हिस्की-रमसारख्या कडक दारूसाठी २५. पिण्याचा परवानाही लागतो. एक दिवसाचा ५ रुपयांत बारमध्येच मिळतो, आजीवन १००० रुपयांत. नेहमीचं बसणं-उठणं असेल तर आजीवन काढून टाका.

कुणाला विचारायचं

लॉजच्या मॅनेजरला विचारू नका. तो बहुतेक त्याच्या ओळखीच्या बारचं नाव सांगतो. विचारायचं असेल तर बारच्या आसपासच्या पानठेल्यावर विचारा. खर्रा घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाची तक्रार त्या ठेलेवाल्यानं ऐकलेली असते. दुसरे भरवशाचे म्हणजे औषध कंपन्यांचे एमआर आणि बियाणं-खत कंपन्यांचे सेल्समन. त्यांना महिन्याला दहा गावं फिरावी लागतात, संध्याकाळ काढायची कुठं हे त्यांना पाठ असतं.

प्रश्न मात्र नीट विचारा. “चांगला बार कोणता?” म्हटलं की सगळ्यात नवा, सगळ्यात चकचकीत बार सांगतील. “भाऊ, एकदम थंडी कोठी भेटते?” असं विचारा. उत्तर वेगळं येतं. दोन वेगवेगळ्या माणसांनी एकच नाव घेतलं तर निघा.

फोनवरच्या नकाशातले तारे छोट्या गावात फारसे उपयोगाचे नसतात. तिथले फोटो मात्र पाहा. टेबलावरचे ग्लास, फ्रीजचा प्रकार आणि बाहेर उभ्या असलेल्या गाड्या, एवढ्यावरून बरंच कळतं.

आत शिरल्यावर पहिली दोन मिनिटं

बसायच्या आधी काउंटरवर जा. काचेच्या दाराचा उभा फ्रीज आहे की वरून झाकण उघडणारा डीप फ्रीजर, ते पाहा. काचेचा फ्रीज दिसायला छान, पण गर्दीच्या वेळी दर मिनिटाला दार उघडतं आणि आतली गार हवा पायाशी सांडते. वरून उघडणाऱ्या फ्रीजरमध्ये गार हवा जड असल्यामुळं आतच बसून राहते. मे महिन्यात याच्यावरच सगळं अवलंबून असतं.

मग विचारा, “लाईन गेली तर फ्रीज कशावर चालतो?” इन्व्हर्टरवर पंखे आणि दिवे चालतात, फ्रीजर सहसा चालत नाही. जनरेटर असलेला बार उन्हाळ्यात दहा पावलं पुढं असतो. दुपारी चार तास लाईन नसलेल्या गावात संध्याकाळी सहाला पोचलात तर पहिली बाटली मागायची घाई करू नका, बर्फाची बादली मागा.

बाथरूमवर एक नजर टाका. जिथं ते धुतलेलं असतं तिथं ग्लासही धुतलेले असतात, हा अंदाज क्वचित चुकतो. बाईमाणसं सोबत असतील तर फॅमिली रूम विचारा, पण ती पाहिल्याशिवाय हो म्हणू नका. कित्येक ठिकाणी फॅमिली रूम म्हणजे पडदा लावलेली, खिडकी नसलेली खोली असते. असे बार टाळा.

बाटली हातात घेतल्यावर

वेटरनं टोपण उडवायच्या आधी बाटली हातात मागा. कुणाला राग येत नाही.

तारीख शोधा. बाटलीवर ती लेबलावर किंवा मानेवर बारीक ठिपक्यांच्या अक्षरात असते, कॅनवर बुडाला. बाटली गार असेल तर तिच्यावर दव जमलेलं असतं. अंगठ्यानं पुसा, मोबाईलचा टॉर्च तिरपा धरा, आकडे उठून दिसतात. पॅकिंगची तारीख पाहून महिने मोजा. बहुतेक बाटल्यांवर सहा महिन्यांची मुदत लिहिलेली असते, पण ती मुदत सावलीत, गारव्यात ठेवलेल्या मालाची. आपल्याकडं मार्च ते जून या काळात दोन महिन्यांच्या आतली मिळाली तर उत्तम, तीन महिने चालतील, त्याच्या पुढची परत द्या. ढोबळ हिशोब असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की बिअर दुप्पट-तिप्पट वेगानं जुनी होते. हिवाळ्यात चार महिन्यांची बाटलीही बिनधास्त घ्या.

इथंच एक पेच असतो. फ्रीजरच्या तळाची बाटली सगळ्यात थंडी, पण बऱ्याच ठिकाणी नवी पेटी वरून ओततात आणि जुनी खालीच राहते. म्हणजे सगळ्यात गार बाटली सगळ्यात जुनीही असू शकते. “खालची द्या, पण तारीख पाहून द्या” असं सांगा. चांगल्या बारमध्ये नवा माल भरताना जुना वर काढतात. वेटरला यातलं कळत असेल तर तो बार लक्षात ठेवा.

ब्रँड निवडताना गावात काय खपतं ते पाहा. बहुतेक तालुक्यांत स्ट्राँग खपते. रोज पेट्या रिकाम्या होतात म्हणून ती ताजी असते. माईल्ड, गव्हाची किंवा महागडी विदेशी नावाची बिअर दहा दिवसांत दोन बाटल्या खपते, आणि तीच फ्रीजमध्ये शोभेला उभी राहून जुनी होते. आवड माईल्डची असेल तर ती नक्की घ्या, पण तारीख दोनदा पाहा. शक्य असेल तर कॅन घ्या. त्यात उजेड शिरत नाही आणि तो गारही लवकर होतो.

बाटलीचा रंग महत्त्वाचा आहे. तपकिरी काच उजेड बऱ्यापैकी अडवते, हिरवी फारसा अडवत नाही. हिरवी बाटली शॉपीच्या दर्शनी काचेत उन्हात उभी असेल तर घेऊ नका. ऊन लागलं की हॉप्समधली (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधली) द्रव्यं तुटतात आणि जळक्या रबरासारखा वास येतो. त्याला काही मिनिटांचं ऊनही पुरतं.

मग टोपण आणि मान. टोपणाच्या कडेला थोडा गंज बर्फाच्या पाण्यामुळं येतो, पुसून घ्या. गंज टोपणाखाली उतरलेला असेल तर बाटली फार दिवस पाण्यात होती. शेजारच्या बाटलीपेक्षा पातळी खाली दिसली तर गॅस गळतोय. उलटी करून टॉर्चसमोर धरा. पांढरे कण तरंगत असतील तर बहुधा ती एकदा गोठून वितळलेली आहे. प्यायला धोका नाही, पण फेस मरतो आणि चव पाणचट होते. गव्हाची बिअर मुळातच गढूळ असते, तिला ही परीक्षा लावू नका.

गार करण्याचं गणित

स्ट्राँग असो की माईल्ड, ४ ते ७ अंशांवर बिअर छान लागते. त्याहून गार केली की जिभेला चवच कळत नाही. वजा अडीच-तीन अंशांच्या आसपास बिअर गोठते, आणि गोठताना फुगते म्हणून बाटली फुटते.

बार असो की घर, कोमट बाटली लवकर गार करायची खात्रीची रीत एकच. बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि दोन मुठी जाडं मीठ. बाटली मानेपर्यंत बुडली पाहिजे. नुसत्या बर्फात ठेवली तर काचेला बर्फाचे टोकच लागतात, मधली हवा काही गार करत नाही. पाणी मात्र सगळीकडून चिकटतं, आणि मीठ त्या पाण्याला शून्याखाली नेतं. पाच-पाच मिनिटांनी बाटली हळूच फिरवा. ६५० मिलीची बाटली वीस-पंचवीस मिनिटांत तयार होते. कॅनला पंधरा पुरतात. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात हेच काम तीन-चार तास घेतं. फ्रीजरमध्ये टाकली तर घड्याळ लावा, पाऊण तासात काढा.

बिअरमध्ये बर्फ टाकू नका. पातळ होते, फेस जातो, आणि छोट्या गावात तो बर्फ कुठल्या पाण्याचा हे कळत नाही. बाहेरून लावायचा बर्फ बाहेरच राहू द्या.

शॉपीतून आणलेली बाटली खेड्याच्या रस्त्यानं दुचाकीवर आली असेल तर लगेच उघडू नका. दहा मिनिटं उभी ठेवा, नाहीतर अर्धी टेबलावर जाते.

ग्लास आणि चखना

ग्लासात ओतल्यावर बुडबुडे ग्लासाच्या आतल्या भिंतीला चिकटून बसले तर ग्लास धुतलेला नाही, नुसता बुचकळलेला आहे. बदलून मागा. ग्लास तिरपा धरून निम्मा भरा, मग सरळ करा आणि दोन बोटं फेस येऊ द्या. फेस नको म्हणून कडेकडेनं ओतणारे सगळा गॅस पोटात घेतात आणि मग पोट फुगलं म्हणतात.

सावजी मटणावर आपलं प्रेम आहे, पण ते शेवटी मागवा. तर्रीचं तेल ओठांना लागलं की ग्लासातला फेस क्षणात बसतो, आणि गॅसवाली बिअर तिखटाची आग विझवत नाही, वाढवते. सुरुवातीला भाजलेले शेंगदाणे, चणे, उकडलेली अंडी, काकडी-कांदा घ्या. भंडारा-गोंदियाकडं तलावांचा मुलूख आहे. तिथं ताजी मासोळी तळून मिळत असेल तर तीच घ्या, बिअरबरोबर तिला तोड नाही. बारमध्ये फुकट येणारे शेंगदाणे आधी चावून पाहा. खवट असतील तर स्वयंपाकघरातलं तेलही तसंच असतं, मग तिथं तळलेलं काही मागवू नका.

किती, आणि घरी कसं

स्ट्राँगची एक ६५० मिलीची बाटली ८ टक्क्यांची धरली तर तिच्यात ५२ मिली शुद्ध अल्कोहोल असतं. व्हिस्कीच्या ६० मिलीच्या एका पेगमध्ये साधारण २६ मिली. म्हणजे एक स्ट्राँग बाटली बरोबर दोन मोठे पेग. ‘बिअरच तर आहे’ म्हणून तीन बाटल्या घेणारा सहा पेग घेऊन उठतो. ५ टक्क्यांच्या माईल्ड बाटलीत सव्वा पेग. उन्हाळ्यात अंगातलं पाणी आधीच कमी असतं, म्हणून दर बाटलीमागं एक बाटली पाणी प्या आणि दुपारच्या उन्हात बिअर टाळा.

गाडी चालवायची असेल तर बसूच नका. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. पहिल्यांदा सापडलं तर १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पोलिसांपेक्षा मोठा धोका रात्रीच्या रस्त्यावरचा आहे: मागचा दिवा नसलेली ट्रॅक्टर-ट्रॉली, कापसाची गाडी, रानडुक्कर. बसायच्या आधीच ऑटोवाल्याचा नंबर घेऊन ठेवा, कारण रात्री दहानंतर स्टँडवर ऑटो सापडत नाही.

बार बंद झाला म्हणून कुणी हातभट्टीकडं न्यायला लागला तर जाऊ नका. त्यात मिथेनॉल असेल तर ते चवीला किंवा वासाला कळत नाही, आणि आंधळेपण किंवा मरण एका ग्लासानंही येतं. प्यायल्यावर काही तासांनी धूसर दिसायला लागलं, उलट्या सुरू झाल्या तर सकाळची वाट न पाहता थेट जिल्हा रुग्णालय गाठा आणि काय प्यालो ते डॉक्टरला स्पष्ट सांगा.

बाटली खराब निघाली तर

पहिल्या घोटालाच ठरवा. पुठ्ठ्यासारखी किंवा जुन्या मधासारखी गोडसर लागली तर माल उष्णतेनं जुना झालाय. आंबट लागली किंवा उघडताना फुस्स आवाजच आला नाही तर टोपण गळकं होतं. अर्धी संपवून तक्रार केली तर कुणी ऐकत नाही. बाटली आणि टोपण दोन्ही घेऊन काउंटरवर जा, वेटरशी बोलू नका, मालकाला तारीख दाखवा आणि शांतपणे म्हणा, “भाऊ, ही उतरली आहे, दुसऱ्या पेटीतली द्या.” दुसऱ्या पेटीतली हे शब्द महत्त्वाचे. एका पेटीत १२ बाटल्या असतात आणि त्या सगळ्या एकाच उन्हातून आलेल्या असतात. मालकानं दुसरी पेटी फोडून बाटली दिली तर दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला फोन करा आणि ताज्या तारखेच्या दोन बाटल्या फ्रीजरच्या तळाशी ठेवायला सांगा. सातला पोचाल तेव्हा तयार असतील.